चौदा ओळींचा कागद

माझं लग्न जमत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा नेमकं करतो काय? मध्यस्थी करणाऱ्या मामांनी जरा विचार करून सांगितलं, "सरकारी इस्त्र्या तपासतो." मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलगा लाँड्रीत आहे आणि हे लोक मोठेपणा मिरवायला सरकारी म्हणताहेत. लग्न झालं, पण सासुरवाडीत पुढं कितीतरी वर्षं मी 'इस्त्रीवाले जावई' म्हणूनच ओळखला गेलो.

मामा फारसे चुकले नव्हते. परभणीला एका खात्याच्या वर्कशॉपमध्ये मी टेस्टर होतो, पुढं हेड टेस्टर झालो. जिल्ह्यातली वसतिगृहं, विश्रामगृहं, शाळा, दवाखाने यांच्याकडं हातानं उचलून नेता येईल अशी जी विजेची वस्तू असे, म्हणजे टेबलफॅन, इस्त्री, शेगडी, कूलर, ती वर्षातून एकदा आमच्या टेबलावर यायची. ती माणसाला धोका न देता चालते की नाही हे बघायचं, चालत असेल तर नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला तिला बांधायचा आणि परत पाठवायची. एवढंच काम. खांबावरच्या तारेला माणूस भिऊन असतो. इस्त्रीला कोण भितो? म्हणून माणसं इस्त्रीनं मरतात.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून तपासणीची रीत सांगतो. आधी डोळ्यांनी बघायचं. वायर कुठं चिरली आहे का, प्लग फुटला आहे का, कोणी आत काही खोचलं आहे का. मग वस्तूच्या पत्र्यापासून प्लगच्या जाड पिनेपर्यंत बॅटरी आणि घंटी जोडायची. घंटी वाजली तर पत्र्यात चुकून उतरलेली वीज त्या पिनेवाटे जमिनीत जाईल, माणसाच्या अंगात नाही. आणि शेवटी मेगर. मेगर म्हणजे हँडल असलेली एक जड पेटी. तिची एक तार प्लगच्या दोन बारीक पिनांना, दुसरी पत्र्याला लावायची आणि हँडल गरागरा फिरवायचं. काटा अनंताच्या खुणेवर गेला तर आतली वीज पत्र्यापर्यंत पोचत नाही. काटा शून्यावर पडला तर वस्तू मारकी आहे.

गमतीजमती लिहा, असं या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं आहे. गमती होत्याच. एका वसतिगृहाची इस्त्री आली, तिच्या तळाला काळे डाग. मुलं ती दोन विटांवर उलटी ठेवून तिच्यावर पापड भाजायची. एका विश्रामगृहाच्या चौकीदारानं फॅनच्या प्लगची जाड पीन करवतीनं कापून टाकली होती. विचारलं तर म्हणाला, "ती बसतच न्हवती भोकात. बाकीच्या दोनीवर झकास चालायलंय की!" सेलूचे एक कापसाचे व्यापारी ओळखीनं घरचा फॅन घेऊन आले. त्याला प्लगच नव्हता. उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून त्यात आगकाड्या खोचायची त्यांची पद्धत. मी रागावलो तर शांतपणे म्हणाले, "साहेब, काडी लाकडाची हाय. लाकडातून करंट जात न्हाई, हे तुमीच मागच्या बारीला सांगितलं." मीच सांगितलं होतं.

गमतींचा साठा इथं संपला. पुढचं आजवर बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात लिंबाजी आमच्याकडं आला. पोखर्णीचा. नुकताच वायरमनची परीक्षा पास झालेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, पदरी एक मुलगी. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. शाळा पुरी केलेला आणि नोकरीला लागलेला घरातला तो पहिला माणूस. पहिलं वर्ष कच्चं होतं, म्हणजे काम पटलं नाही तर नोटीस न देता काढून टाकता येत होतं. त्यामुळं तो खुर्चीच्या कडेला टेकून बसायचा. मी सेलूच्या दुकानदाराचा मुलगा, घरात शंकराची पूजा, ऑफिसात चार माणसं आमच्या पावण्यांतली. मी खुर्चीत पसरून बसायचो. तेव्हा हा फरक माझ्या लक्षातही आला नव्हता.

नव्या टेस्टरसाठी मी एक कागद तयार केला होता. फुलस्केप कागद, चौदा ओळी, माझं अक्षर. अक्षराबद्दल मला लहानपणापासून घमेंड. टेबलासमोरच्या भिंतीवर तो खळीनं चिकटवला होता. पहिली ओळ लाल शाईत होती: 'आधी बटण बंद, मग हात.' त्याआधीचा एक टेस्टर चालू शेगडीत बोटं घालून महिनाभर घरी बसला होता, म्हणून ती लाल. लिंबाजीला मी पहिल्याच दिवशी बजावलं, "पाठ करायचं नाही. पाठ केलं की माणूस मधलं गाळतो. प्रत्येक वस्तूला वर बघायचं, ओळ वाचायची आणि मग करायचं."

त्यानं ते इतकं मनावर घेतलं की बघणाऱ्याला हसू यावं. इस्त्री आली तरी वर बघायचा. त्या काळी इस्त्रीला बटणच नसायचं, तरी बटण शोधायचा. मला त्याचं कौतुक होतं. रजिस्टरमध्ये त्याच्या महिनाभराच्या नोंदी बघितल्या तर शेगड्या, पाणी तापवायची भांडी, सगळ्यांपुढं अनंत, अनंत, अनंत. त्याच्या हाताला यश आहे, असं मी साहेबांजवळ बोललो होतो. उन्हात, धुळीत, वर्षभर वापरलेल्या इतक्या वस्तू एकसारख्या चांगल्या कशा निघतील, असा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. पंधरा वर्षं मी हेच काम करत होतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला गयाबाई आली. देवगाव फाट्याच्या पुढच्या एका गावात सरकारी दवाखाना होता, तिथली ती आया. पन्नाशीची, कपाळ मोकळं, हातावर गोंदण. सुया-सिरिंजा उकळायचं विजेचं भांडं चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन ती एकटी आली होती. खरं तर भांडी जीपनं यायची. हिनं पाळी येईपर्यंत वाट बघितली नाही.

"सायब, ह्ये भांडं चावायलंय," ती म्हणाली. "झाकन काढाया गेलं की पार कोपरापस्तोर मुंग्या. डाक्टरसायब म्हनायलेत, गयाबाई, तुला भास व्हायलाय. भास रोज एकाच हाताला व्हतो का वो?"

मी हसलो. लिंबाजी हसला नाही. त्यानं भांडं टेबलावर घेतलं. वायर जुनी होती, ती काढून नवी घातली. घंटी वाजवून बघितली, वाजली. मग वर बघितलं, ओळ वाचली आणि भांड्याच्या अंगावरची घुंडी, म्हणजे त्याचं बटण, फिरवून बंद केली. मेगर फिरवला. काटा अनंतावर.

त्यानं पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सायब, काटा तर बराबर हाय. पन बाई म्हनायली चावतंय. एकदा खोलून बघू का?"

खोलायचं म्हणजे अर्धा दिवस. टेबलाखाली कूलरांची रांग लागली होती. मी म्हणालो, "लिंबाजी, आपण इथं काटा वाचायला बसलोत, बाईचं तोंड नाही. जुनी वायर असेल. बांध बिल्ला."

त्यानं बांधला. गयाबाईनं बिल्ला दोन बोटांत धरून बघितला आणि मला विचारलं, "ह्याचा काय अर्थ हाय, सायब?"

"याचा अर्थ, आता बिनधास्त हात लावा."

ती समाधानानं गेली. जाताना लिंबाजीला म्हणाली, "लेकरा, लय झालं बघ. रोज भिऊ भिऊ हात लावायले."

बारा दिवसांनी बातमी आली. सकाळी भांड्याची घुंडी फिरवून ती झाकण बसवायला गेली आणि तिथंच चिकटली. आवाज ऐकून डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दवाखान्याच्या मागं जमिनीत वीज सोडायचा जो खड्डा असतो, त्यात उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालावं लागतं. माती कोरडी झाली की ती वीज घेत नाही. दुष्काळानं विहिरी तळाला गेल्या होत्या, प्यायला पाणी नव्हतं, खड्ड्यात कोण घालणार? पण तो दोष दुसरा. पहिला दोष भांड्यात होता, आणि भांड्याला आमचा बिल्ला होता.

भांडं सील करून आमच्याकडं आलं. दुसऱ्या दिवशी औरंगाबादहून चौकशी अधिकारी येणार होते. लिंबाजीनं दिवसभर जेवणाचा डबा उघडला नाही. पाच वाजता त्याला मी घरी पाठवलं आणि एकटाच भांड्यासमोर बसलो. काटा अनंतावर गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. मग वीज पत्र्यात आली कुठून? माझा हात नकळत घुंडीकडं गेला. मी स्वतः तपासत असे तेव्हा पहिल्यांदा काय करायचो? घुंडी चालू करायचो. प्लग सॉकेटात नसतोच, त्यामुळं भीती नाही. घुंडी बंद असली की आतली तापणारी कॉइल दोन्ही तारांपासून तुटते आणि मेगर तपासतो ती फक्त बाहेरची वायर. वायर नवी होती. काटा अनंतावर जाणारच.

हे माझ्या हाताला माहीत होतं. इतकं माहीत होतं की कधी मनात शब्दानं आलं नाही, त्यामुळं कागदावरही आलं नाही. कागदावर होतं ते एवढंच की आधी बटण बंद. ते पुन्हा कधी चालू करायचं हे चौदा ओळींत कुठंच नव्हतं. पोरगा वर बघून, वाचून, मी सांगितलं तसंच करत आला होता.

मी उठलो. पाण्यात फडकं भिजवून कागदाच्या कडा ओल्या केल्या. खळ जुनी होती, निघायला वेळ लागला. फाटू नये म्हणून मी सावकाश ओढत होतो. वाळवून, चार घड्या घालून तो डब्याच्या पिशवीत ठेवला आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, उन्हानं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी सील तोडलं. सौम्य माणूस होता, आवाज चढवणारा नव्हता. लिंबाजीला म्हणाले, "त्या दिवशी तपासलंत तसंच करून दाखवा."

लिंबाजीनं सवयीनं वर बघितलं. भिंतीवरचा चुना धुराळला होता आणि मध्ये कागदाएवढा चौकोन पांढराशुभ्र होता. मग त्यानं घुंडी बंद केली, तारा लावल्या, मेगर फिरवला. काटा अनंतावर. त्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा आली. अधिकारी पुढं झाले, त्यांनी घुंडी चालू केली आणि म्हणाले, "आता फिरवा." काटा शून्यावर पडला, उठलाच नाही.

लिंबाजी त्या काट्याकडं बघत राहिला. हँडल थांबलं तरी त्याचा हात त्याच्यावरच होता.

"घुंडी बंद ठेवून तपासायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तितं... तितं कागद व्हता," लिंबाजी भिंतीकडं हात करून म्हणाला.

"कसला कागद?" अधिकाऱ्यांनी माझ्याकडं वळून विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही साहेब. एसटीचं जुनं वेळापत्रक होतं."

ते वाक्य मी ठरवून आलो नव्हतो, पण अडखळलोही नाही. लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा बोलेल. बोलला असता तर माझ्याच्यानं पुन्हा खोटं बोलवलं नसतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तो एवढंच म्हणाला, "माजी चूक हाय, सायब."

आठ दिवसांत त्याला काढलं, लायसन्सही गेलं. ऑफिसात त्याची बाजू घेणारं कोणी नव्हतं. माझी घेणारी चार माणसं होती आणि माझ्याविरुद्ध तर कुणी काही बोललंच नव्हतं. मी एक केलं. त्यानं पास केलेल्या सगळ्या घुंडीच्या वस्तू गावोगाव जाऊन गोळा केल्या आणि स्वतः तपासल्या. चार मारक्या निघाल्या. त्या कामाबद्दल मला शाबासकीचं पत्र मिळालं. नवा कागद लिहिला. त्यात पंधरा ओळी होत्या आणि आता लाल शाईत होतं: 'प्लग बाहेर, घुंडी चालू, मग मेगर.'

गयाबाईच्या गावी मी गेलो नाही. तिला एक मुलगा होता म्हणे, खडी फोडायच्या कामावर.

सहा-सात वर्षांनी, सत्तरचं दशक संपता संपता, एका कामासाठी सेलूला गेलो होतो. कापूस बाजाराच्या रस्त्याला एका टपरीत फॅन उघडून बसलेला माणूस ओळखीचा वाटला. लिंबाजीच होता. दाढी वाढलेली, नाकावर चष्मा. मी पुढं निघून जाणार होतो, पण त्यानंच हाक मारली. स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मुलगी चौथीत आहे म्हणाला. गावात काही दिवस लोक त्याला घरच्या विजेला हात लावू देत नव्हते, म्हणून सेलूला आला होता. हे सगळं त्यानं तक्रार म्हणून नाही, खुशाली सांगावी तसं सांगितलं.

समोरच्या बाईची शेगडी तपासायला त्यानं हातात घेतली. आधी घुंडी चालू केली, मग तारा लावल्या. माझं लक्ष आहे हे त्याला कळलं असावं. शेगडी बाजूला ठेवून म्हणाला, "सायब, एक बोलायचं व्हतं. लय वर्सं मनात हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तवा मला लय राग आला व्हता तुमचा. येळापत्रक कामून म्हनले आसतील, म्हून. मंग इचार करता करता ध्यानात आलं. त्या कागदावर घुंडीचं लिवलेलं आसंल. चौदा ओळी व्हत्या, मला एक दिसली न्हाई आसंल. माजंच ध्यान त्या लाल ओळीवर. कागद सायबापुढं आला आसता तर म्हनले आसते, लिवलेलं आसून केलं न्हाई, घाला जेलात. तुमी कागद दडवला म्हून मी नुसता नोकरीवर सुटलो. लेकरं उगडी पडली न्हाईत. तुमचे लय उपकार हायत, सायब."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. टपरीत तिसरं कुणी नव्हतं, शेगडीवाली बाई पलीकडं भाजी घेत होती. चौकशी संपलेली, माझी नोकरी पक्की, धोका कसलाच नव्हता. मी म्हणालो, "जाऊ दे आता, लिंबाजी."

तो मान हलवत म्हणाला, "बाईची आठवन येते. आपुन नीट वाचलं आसतं तर बाई ऱ्हायली आसती." चहा झाला. मी एसटी गाठली.

त्यानंतर मी सेलूला जायचं टाळलं. गेल्या वर्षी हिंमत करून गेलो तर टपरी नव्हती. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, लिंबाजी मिस्त्री मुलीकडं राहायला गेले, कुठल्या गावी ते ठाऊक नाही. वाचायची मात्र त्यांना आवड आहे, दिवाळी अंक तर सोडत नाहीत, असंही म्हणाला. म्हणून संपादकांचं पत्र आलं तेव्हा नाही म्हटलं नाही.

तो कागद आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. घड्यांवर फाटला आहे, खळीचे डाग पिवळे पडले आहेत, पण अक्षर स्वच्छ वाचता येतं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला. लिंबाजी, तू नीट वाचलं होतंस. घुंडीचं त्यात लिहिलेलंच नव्हतं.